पाणमांजरांचे पुनर्वसन

ज्या नदीतून पाणमांजर नाहीसे झाले, तेथे ते पुन्हा सोडून त्याची आपोआप वाढणारी वस्ती उभी करण्याचा प्रयत्न. भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत : मोठ्या नद्या, जलाशय व खाड्यांत कुटुंबाने राहणारे मऊ केसांचे पाणमांजर, सह्याद्रीच्या ओढ्यांतले लहान नखांचे आणि दुर्मीळ युरेशियन. पहिल्या दोन्हींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ पासून बंद आहे. गोव्यात चोडण बेटाच्या खारफुटीत मऊ केसांची पाणमांजरे आजही दिसतात.

इंग्लंडमध्ये १९५० नंतर डील्ड्रिनसारख्या कीटकनाशकांमुळे हा प्राणी झपाट्याने घटला. फिलिप वेअर यांच्या ऑटर ट्रस्टने १९८३ मध्ये सफोकमधील ब्लॅक बोर्न नदीवर बंदिवासात वाढवलेली पाणमांजरे सोडली. आधी काठावरच्या कुंपणात ठेवून त्यांना जागेची सवय करायची, मग दार उघडायचे आणि ती स्वतः मासे धरू लागेपर्यंत तिथेच खाणे ठेवायचे, अशी ही पद्धत. अर्थात, विषारी कीटकनाशकांवर आधीच निर्बंध आले होते, म्हणूनच हे साधले. अमेरिकेतील मिझुरी राज्याने १९८२ ते १९९२ दरम्यान ८४५ पाणमांजरे आणून सोडली. पुढे मत्स्यतळ्यांच्या मालकांची ओरड सुरू झाली आणि १९९६ मध्ये सापळे लावण्यास मुभा द्यावी लागली. सिंगापूरमध्ये मात्र आपल्याकडचीच मऊ केसांची जात, नद्या स्वच्छ झाल्यावर, १९९०च्या दशकात कोणी न आणता परतली. मला हे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते.

आधी नदी सुधारली आहे का, या कसोटीवर गिरणा आणि मोसम यांच्या संगमावरचे मालेगाव पाहावे. उन्हाळ्यात गिरणेला पाणी येते ते बहुतांशी चणकापूर धरणातून आवर्तन सुटते तेव्हा. वाळूचा उपसा काठ आणि डोह दोन्ही मोडतो. पाणमांजराची बिळे काठात असतात आणि उन्हाळ्यातले मासे डोहात तगतात. शहराचे सांडपाणी मोसमेत उतरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत गिरणेचा मालेगाव ते जळगाव हा पट्टा आहे. नाहीसे होण्याचे मूळ कारण दूर झाल्याशिवाय प्राणी सोडू नये, असा जागतिक निसर्ग संवर्धन संघाचा संकेत आहे. त्या हिशेबाने गिरणा अजून तयार नाही. वन विभागाने आधी गिरणा धरणाच्या जलाशयाभोवती पाणमांजराची विष्ठा व पावलांचे ठसे शोधणारी पाहणी करावी आणि महानगरपालिकेच्या सांडपाण्याचा बंदोबस्त व्हावा. प्राणी सोडण्याचा विचार त्यानंतरचा.