राइस गुणांकन

राइस गुणांकन : सॉफ्टवेअर उत्पादनात पुढे कोणती फीचर्स बनवायची याचा क्रम लावण्याची एक सोपी पद्धत. ग्राहकांशी संदेशांतून संवाद साधण्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इंटरकॉम या कंपनीत ती आकाराला आली आणि तिथल्या शॉन मॅकब्राइड यांनी ती लिहून प्रसिद्ध केली. रीच, इम्पॅक्ट, कॉन्फिडन्स आणि एफर्ट या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. एखादे फीचर ठरावीक काळात, समजा एका तिमाहीत, किती लोकांपर्यंत पोहोचेल हा पहिला अंदाज. त्यांतल्या प्रत्येकावर त्याचा परिणाम किती होईल हा दुसरा. त्यासाठी ३, २, १, ०.५ आणि ०.२५ अशी पट्टी ठरलेली आहे. या दोन्ही अंदाजांवर आपला भरवसा किती, हे १००, ८० किंवा ५० टक्क्यांत सांगायचे. तिन्हींचा गुणाकार करून त्याला कामासाठी लागणाऱ्या मनुष्य-महिन्यांनी भागले की गुण मिळतो. गुणांच्या उतरत्या क्रमाने यादी लावली की बहुतेक ठिकाणी काम संपले असे मानले जाते आणि तिथेच या पद्धतीचा गैरवापर सुरू होतो. तिचे खरे बळ अखेरच्या आकड्यात नाही. एरवी एकाच मतात मिसळून जाणारे चार अंदाज ती वेगळे करून सर्वांसमोर मांडायला लावते, यात आहे.

निर्णयाचे असे तुकडे पाडण्याची कल्पना सॉफ्टवेअरहून बरीच जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांना लिहिलेल्या पत्रात बाजूची आणि विरुद्ध बाजूची कारणे दोन रकान्यांत मांडून समान वजनाची कारणे खोडत जाण्याची रीत सांगितली होती. सॉफ्टवेअरमध्ये डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये मॉस्को पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक मागणी ‘हवीच’, ‘असायला हवी’, ‘असली तर बरी’ आणि ‘या वेळी नको’ यांपैकी एका गटात पडते. व्यवहारात जवळजवळ सगळ्या मागण्या पहिल्याच गटात गर्दी करतात, म्हणून ‘हवीच’ या गटावर एकूण श्रमांपैकी साधारण ६० टक्क्यांहून अधिक खर्च होऊ नयेत असा दंडक पुढे घालावा लागला. योआकिम कार्लसन आणि केव्हिन रायन यांनी १९९७ मध्ये थॉमस साटी यांची जोडीजोडीने तुलना करण्याची पद्धत मागण्यांना लावून दाखवली. ती काटेकोर आहे, पण वीस मागण्यांसाठी १९० तुलना कराव्या लागतात आणि तेवढा धीर फार थोड्या चमूंकडे असतो.

मग सोपेपणापायी अचूकता सोडली असे म्हणायचे का? मानसशास्त्रातला पुरावा उलट बाजूने बोलतो. पॉल मील यांनी १९५४ मध्ये तज्ज्ञांचे अंदाज आणि साध्या सांख्यिकी सूत्रांचे अंदाज शेजारी ठेवले, तेव्हा सूत्रे सहसा बरोबरीची किंवा सरस ठरली. रॉबिन डॉज यांनी १९७९ मध्ये त्यापुढे जाऊन दाखवले की सर्व घटकांना सारखेच वजन दिले तरी सूत्र बहुधा तज्ज्ञाच्या एकत्रित मताला मागे टाकते. कोणत्या गोष्टी पाहायच्या हे माणसाला चांगले कळते; त्या एकत्र करताना त्याचा तोल जातो. राइस याच दुबळ्या जागी आधार देते. प्रत्येक फीचरला तेच चार प्रश्न विचारले जातात, मग त्याची मागणी सर्वांत मोठ्या आवाजात करणारा कोणीही असो.

हा आधार आकड्यांच्या सूक्ष्म फरकांपर्यंत मात्र पोहोचत नाही. समजा, एक फीचर तिमाहीत ६,००० लोकांपर्यंत पोहोचेल, परिणाम १, भरवसा ८० टक्के आणि श्रम २ मनुष्य-महिने. त्याचे गुण २,४०० होतात. दुसरे २,००० लोकांपर्यंत पोहोचेल, परिणाम २, भरवसा ५० टक्के आणि श्रम १ महिना. त्याचे गुण २,०००. पहिल्याच्या कामाला दोनाऐवजी तीन महिने लागले, आणि सॉफ्टवेअरमध्ये असे सतत होते, तर गुण १,६०० वर येतात आणि क्रम उलटतो. शिवाय परिणामाची पट्टी ही मोजपट्टी नव्हे. एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनश्रेणींचे जे वर्गीकरण केले, त्यानुसार ‘जास्त’ (पट्टीवरचे २) आणि ‘मध्यम’ (१) यांचा फक्त क्रम लागतो. एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे असे त्यातून निघत नाही. राइस ती दुप्पट गृहीत धरून गुणाकार करते. म्हणून गुणांत कित्येक पटींचा फरक असेल तरच तो मानावा आणि जवळजवळचे गुण बरोबरीचे समजावेत.

अंदाजच कच्चे असतील तर सूत्र काय कामाचे, हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि त्याला भक्कम आधारही आहे. रॉन कोहावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या नियंत्रित चाचण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा ज्या मापकात सुधारणा व्हावी म्हणून कल्पना राबवल्या होत्या, त्यात खरी सुधारणा सुमारे एक तृतीयांश कल्पनांनीच केलेली आढळली. बिंग या शोधयंत्रात जाहिरातीचे शीर्षक दाखवण्याच्या पद्धतीत लहानसा बदल एका कर्मचाऱ्याने सुचवला होता. व्यवस्थापकांनी तो कमी महत्त्वाचा ठरवला आणि तो सहा महिन्यांहून अधिक काळ पडून राहिला. २०१२ मध्ये एका अभियंत्याने त्याची चाचणी लावली, तेव्हा उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढले. एकट्या अमेरिकेत ती वाढ वर्षाला दहा कोटी डॉलरहून अधिक होती. इथे चूक परिणामाच्या अंदाजात होती आणि राइस वापरूनही तो अंदाज चुकलाच असता. पण या उदाहरणाने सूत्र निकामी होत नाही. भरवशाचा रकाना किती गांभीर्याने भरायला हवा ते कळते. चाचणीचे किंवा वापराच्या नोंदींचे पाठबळ नसेल तर तिथे ५० टक्क्यांहून अधिक लिहिण्याचा अधिकार कोणालाच नाही. आणि काम काही दिवसांचेच असेल, तर गुणांवर वाद घालत बसण्यापेक्षा ते थोड्या वापरकर्त्यांपुढे ठेवून पाहणे स्वस्त पडते.

आपल्या आवडीचे फीचर वर यावे म्हणून आकडे फुगवले जातात, ही तक्रारही खरी आहे. ते तोंडी मतातही फुगतात. फरक एवढाच की तक्त्यात फुगवटा नेमका कोणत्या रकान्यात आहे ते दिसते. श्रमांचा अंदाज काम करणाऱ्या अभियंत्यांनी द्यावा आणि पोहोच वापराच्या नोंदींतून घ्यावी, एवढ्याने बराचसा फुगवटा ओसरतो. सूत्रात काळाला जागा नाही, ही मात्र खरी उणीव आहे. डॉन रायनर्टसन यांनी उशिराच्या किमतीला कामाच्या कालावधीने भागण्याचा आग्रह धरला, तो याच कारणासाठी. युरोपीय संघाचा विदासंरक्षण नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या पूर्ततेचे काम गुणांत कुठेही बसले असते तरी त्या तारखेआधी करणे भाग होते. कायद्याची पूर्तता आणि सुरक्षेतील त्रुटींची दुरुस्ती या यादीत घेऊच नये. त्यांच्यासाठी वेळ आधी बाजूला काढावा. वर्षभर चालणाऱ्या मोठ्या कामांचीही यादी स्वतंत्र असावी, नाहीतर श्रमांच्या भागाकारात ती दर तिमाहीला लहान दुरुस्त्यांच्या खाली जातात आणि कधीच सुरू होत नाहीत. फीचर वापरात आल्यावर प्रत्यक्ष पोहोच आणि प्रत्यक्ष श्रम मूळ अंदाजाशेजारी लिहून ठेवले, तर दोन-तीन तिमाहींत त्या चमूचे अंदाज कोणत्या बाजूला आणि किती चुकतात हे दिसू लागते आणि पुढच्या यादीतला भरवशाचा आकडा त्यावरून ठरवता येतो.