फूट्सक्रेचा पाठराखा

क्रीडेतिहासाची साधने मोठी एकांगी असतात. कोणी किती गोल केले हे दप्तरात तारीखवार सापडते. परंतु कोणाच्या सावधपणामुळे किती गोल झालेच नाहीत, याची नोंद कोणी ठेवीत नाही. जे घडले नाही त्याचा पुरावा द्यावा तरी कसा? इतिहासलेखकाचा हा जुनाच पेच आहे, आणि बचाव करणाऱ्या गड्याचे चरित्र लिहू जाता तो पहिल्याच पानावर आडवा येतो. मेलबर्न येथील डेल मॉरिस या खेळाडूची हकीकत आम्हांस या दृष्टीने विचारार्ह वाटते.

प्रथम त्या खेळाविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. कारण फुटबॉल म्हटले की आमच्याकडे निराळेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मेलबर्नच्या मैदानाचे नाव आमच्या घरोघरी ठाऊक आहे ते क्रिकेटमुळे, आणि गंमत अशी की ऑस्ट्रेलियन फुटबॉलही क्रिकेटच्याच पोटी जन्मला. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे सुस्तावू नयेत म्हणून टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ च्या जुलैत वृत्तपत्रातून फुटबॉलचे मंडळ काढण्याची सूचना केली, व १८५९ च्या मे महिन्यात पहिले नियम लिहिले गेले. अंडाकृती मैदान, प्रत्येक बाजूस १८ गडी, दोन्ही टोकांस चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. चेंडू हाती घेऊन पळावे, उंच उडी मारून झेलावा. मात्र फेकता येत नाही, मुठीने टोलवावा लागतो. ऑफसाइडचे बंधन यात मुळीच नाही. त्यामुळे आक्रमक गडी गोलाच्या तोंडाशीच ठाण मांडतो, आणि त्याच्या सावलीसारखा एक रक्षक सामनाभर त्याच्याशी जखडलेला राहतो. या सावलीच्या कामात मॉरिसचे आयुष्य गेले.

ज्या संघाकडून तो खेळला त्याचे प्राक्तनही काही कमी खडतर नव्हते. फूट्सक्रे ही मेलबर्नच्या पश्चिमेस, नदीपलीकडची, कामगारांची वस्ती. तिचा संघ १९२५ मध्ये मोठ्या लीगमध्ये आला, १९५४ मध्ये मेलबर्न संघास ५१ गुणांनी हरवून एकदाच अजिंक्य ठरला, आणि १९६१ ची अंतिम लढत हरल्यावर पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्या दारापर्यंतही पोहोचला नाही. १९८९ मध्ये तर कर्जबाजारी झालेल्या या संघाचे फिट्झरॉय संघाशी विलीनीकरण जवळजवळ ठरलेच होते. वस्तीतील सामान्य माणसांनी न्यायालयातून मुदत मिळवली, दारोदार वर्गणी गोळा केली, आणि आपला संघ राखला. आजचे ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ हे त्याचे १९९७ पासूनचे नाव.

मॉरिसचा जन्म डिसेंबर १९८२ चा. या खेळात होतकरू मुलांची निवड साधारणतः अठराव्या वर्षी होते, व ज्याचे नाव त्या वेळी पुकारले गेले नाही त्याची आशा बहुधा तेथेच मावळते. मॉरिसचे नाव पुकारले गेले नाही. तो वेरिबी या दुय्यम प्रतीच्या संघात खेळत राहिला. बाविशीच्या उंबरठ्यावर बुलडॉग्जनी त्याला घेतले, तेही उमेदवारांच्या यादीत. २००५ मध्ये त्याला पहिला सामना मिळाला, आणि २००८ मध्ये तो सर्व ऑस्ट्रेलियातील निवडक संघात बसला. पण त्या वर्षी व पुढची दोन वर्षे, २००९ आणि २०१० साली, संघ अंतिम फेरीच्या अलीकडच्या पायरीवरूनच परतला.

पुढे २०१६ उजाडले. कर्णधार बॉब मर्फी गुडघ्याच्या दुखापतीने वर्षभरासाठी बाहेर, आणि संघ गुणतक्त्यात सातवा. सातव्या क्रमांकावरून तोवर कोणीही अजिंक्य झालेला नव्हता. तरीही बुलडॉग्जनी बाद फेरीत तीन बलाढ्य संघ पाडले. १ ऑक्टोबर रोजी सुमारे १ लाख प्रेक्षकांसमोर सिडनीशी गाठ पडली. शेवटच्या चरणात सिडनीचा नामांकित आक्रमक लान्स फ्रँकलिन याच्या हाती चेंडू आला, तोच ३३ वर्षांच्या मॉरिसने मागून झेप घेऊन त्याला खाली खेचले. चेंडू निसटला, टॉम बॉइड या २१ वर्षांच्या तरुणाने तो उचलून दुरूनच लाथाडला, आणि उसळ्या खात तो खांबांमधून गेला. ८९ विरुद्ध ६७ गुणांनी सामना संपला व ६२ वर्षांनी चषक फूट्सक्रेत आला. मॉरिस त्या लढती पाठीच्या दोन मणक्यांना तडे गेलेले असताना खेळत होता, हे नंतर उघड झाले. या गोष्टीचे जे नुसते गुणगान होते ते आम्हांस पुरते मानवत नाही. त्या अवस्थेत माणसाने मैदानात उतरावे काय, हा प्रश्न शौर्याच्या वर्णनाने मिटत नाही. मात्र त्या दिवशी त्याच्यावाचून संघाचे चालले नसते, हेही नाकारता येत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांस खुपते. मॉरिसचे नाव निघाले की लोकांना ती एक झेप आठवते, कारण तिच्या पाठोपाठ गोल झाला. म्हणजे रक्षकाचीही किंमत अखेर गोलाच्याच मापाने झाली! त्याच दुपारी ज्या चेंडूंवर त्याने केवळ मूठ मारून ते दूर सारले, ज्या वेळी तो जवळ उभा होता म्हणूनच सिडनीने चेंडू तिकडे पाठवला नाही, ते क्षण कोणाच्याच स्मरणात नाहीत. त्यांत त्याचा खरा धंदा होता.

बॉइडची वाट अगदी उलटी होती. २०१३ च्या निवडीत देशभरातून पहिले नाव त्याचेच पुकारले गेले होते. पण त्या ओझ्याखाली शरीर आणि मन दोन्ही थकून मे २०१९ मध्ये, ६१ सामन्यांनंतर, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. त्याच वर्षी गुडघा दुखावल्यामुळे मॉरिसही निवृत्त झाला, तेव्हा त्याचे वय ३६ होते आणि सामने २५३.