हत्तीच्या पेटीत दोन चिठ्ठ्या

गोखिवऱ्यात निवडणूक आली की आधी कानाला कळतं. टेम्पोवर भोंगा, भोंग्यावर गाणं, गाणं आपल्याच भीमगीताच्या चालीवर. चाल आपली, शब्द त्यांचे. पाळी सुटून गाळ्याच्या बाहेर यावं तर चहाच्या टपरीवर चार टाळकी चार मोबाइलांवर चार व्हिडिओ बघत उभी. प्रत्येकाचा व्हिडिओ खरा, बाकीच्यांचे खोटे. टीव्हीवरचा निवेदक किंचाळतोय. वस्तीतल्या नळाला पाणी किती वाजता येतं, ते मात्र एकाही व्हिडिओत नाही.

अशाच एका दिवशी रात्रपाळीला आमचा सुपरवायझर मला म्हणाला, "तुमच्या वस्तीला काय कळतं रे मतातलं? पाचशेची नोट दिसली की बटण दाबून मोकळे. अडाण्यांच्या हातात मत दिलं, तिथंच देश बुडाला. आणि तुमच्या बाबासाहेबांना तरी कोणी पाडलं? तुम्हीच ना?"

माझ्या हातात बॉबिन होती. ती हातातच राहिली. तोंडाला उत्तर आलं नाही. शिवी आली होती, ती गिळली, कारण घरी आठ माणसं खाणारी.

घरी येऊन बापाला सांगितलं. वाटलं, बाप उसळेल. बाप खाली बघून म्हणाला, "खरं हाय ते. आपल्याच लोकांनी पाडलं. तुझ्या पणज्यानंच चूक केलती."

आणि मग बापानं ती गोष्ट सांगितली, जी आमच्या घरात मोठ्यानं कधी बोलली जात नाही. पणजोबा गिरणगावात, परळकडं, साच्यावर कामाला. सही येत नव्हती, अंगठा. १९५२ च्या जानेवारीत मताला गेला, आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून. हातात दोन मतपत्रिका मिळाल्या. आत पेट्या मांडलेल्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चित्र. पणजोबानं हत्ती बघितला आणि दोन्ही चिठ्ठ्या हत्तीच्या पेटीत टाकल्या. दुसऱ्या कुणाच्या पेटीत बाबासाहेबांच्या माणसानं चिठ्ठी टाकायची? हात झडला नसता? बाहेर येऊन चाळीत सांगितलं, "दोन्ही मतं बाबांना दिली." पुढं कुणीतरी शिकलेल्यानं सांगितलं, अरे, दोन्ही एकात टाकली म्हणजे मत कुजलं. तुझ्यासारख्यांनीच बाबा पडले. पणजोबा मरेपर्यंत ते बोलणं उरावर घेऊन जगला. १९८२ च्या संपानंतर आजोबा वसईकडं आले, येताना पितळेचा तांब्या, बाबासाहेबांचा फोटो आणि हे ओझं घेऊन आले.

मित्रांनो, मी नववी नापास. पण त्या रात्री ठरवलं, ही भानगड काय आहे ती मुळापासून बघायची. रविवार-रविवार वाचनालयात बसलो, जुनी पुस्तकं चाळली, आकडे वहीत उतरवले. जे सापडलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

*

आधी नियम समजून घ्या. नियम कळला नाही तर आपण दुसऱ्याच्या तोंडून आपला इतिहास ऐकत राहू.

१९५२ ला मुंबई शहर उत्तर हा लोकसभेचा दुहेरी मतदारसंघ होता. दोन जागा, त्यातली एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. पण दोन्ही मतं एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. दिली, तर त्यातलं एक धरायचं आणि दुसरं बाद करायचं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात हे स्वच्छ लिहिलेलं होतं. पुढं १९६१ ला दुहेरी मतदारसंघच कायद्यानं बंद झाले.

पुन्हा वाचा. एक धरायचं, दुसरं बाद.

म्हणजे माझ्या पणजोबाचं एक मत मोजलं गेलं. बाबासाहेबांच्याच नावावर मोजलं गेलं. बाद झालं ते दुसरं, आणि ते मत नियमाप्रमाणं बाबासाहेबांना मिळूच शकत नव्हतं.

आता पणजोबानं असं का केलं? सगळे म्हणतात, अडाणी म्हणून. मी म्हणतो, त्याच्या पिढीला तसंच शिकवलेलं होतं म्हणून. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात एकवट मतदानाची पद्धत होती. जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पदरात टाकायची मुभा. थोड्या मतांच्या समाजाला तोच आधार. त्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईतून उभे राहिले. काँग्रेसनं त्यांच्यासमोर नामांकित क्रिकेटपटू पी. बाळू उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. सगळं बळ एका जागी लावायचं हे त्या काळातलं शहाणपण होतं. १९५२ ला नियम उलटला. त्या वेळी देशात शंभरातले अठराच लोक साक्षर. आमच्या वस्त्यांत किती असतील ते तुम्हीच ओळखा. नियम दिल्लीत बदलला, तो चाळीच्या जिन्यापर्यंत पोचवायला कोण गेलं? आकाशवाणी होती, पण पक्षांना तिच्यावरून प्रचार करायला मिळाला तो थेट १९७७ ला. मोठी वर्तमानपत्रं ज्यांच्या मालकीची होती ती त्यांच्यासाठी निघत होती. आपल्याकडं 'जनता' साप्ताहिक होतं आणि पायाला भिंगरी लावलेले कार्यकर्ते होते.

*

आता आकडे. मला भाषण देता येत नाही, पण गिरणीत मीटर मोजून मोजून हिशेब येतो.

शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती होती. सर्वसाधारण जागेला अशोक मेहता, राखीव जागेला बाबासाहेब. काँग्रेसतर्फे विठ्ठल गांधी आणि राखीव जागेला नारायणराव काजरोळकर. कम्युनिस्टांतर्फे डांगे.

विठ्ठल गांधी १,४९,१३८. अशोक मेहता १,३९,७४१. काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. डांगे ९६,७५५.

बाबासाहेब १४,५६१ मतांनी पडले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत पडला. एवढं सगळ्यांना माहीत असतं. इथंच सगळे थांबतात. आपण थांबायचं नाही.

एका मतदाराचं एका उमेदवाराला एकच मत धरलं जाई. म्हणजे अशोक मेहतांना १,३९,७४१ वेगवेगळ्या माणसांनी मत दिलं. युती होती, म्हणजे त्या प्रत्येकाची दुसरी चिठ्ठी हत्तीच्या पेटीत पडायला हवी होती. बाबासाहेबांना मिळाली १,२३,५७६. वजाबाकी करा. १६,१६५. मेहतांना मत देणाऱ्यांपैकी कमीत कमी सोळा हजार एकशे पासष्ट माणसांनी हत्तीच्या पेटीत चिठ्ठी टाकली नाही. हा आकडा कमीत कमी आहे. कारण माझ्या पणजोबासारखे ज्यांनी फक्त हत्तीलाच दिलं, ते बाबासाहेबांच्या मतांत आहेत आणि मेहतांच्या मतांत नाहीत. ते जितके जास्त, तितकी ही गळती आणखी मोठी.

त्या लोकांनी नुसती युती पाळली असती, बाकी एक मत इकडचं तिकडं झालं नसतं, तरी बाबासाहेब काजरोळकरांच्या १,६०४ मतं पुढं गेले असते.

मग सांगा, पाडलं कोणी?

काँग्रेसकडं बघा. विठ्ठल गांधींना १,४९,१३८, त्यांच्याच पक्षाच्या काजरोळकरांना १,३८,१३७. तिथंही ११,००१ ची गळती. काजरोळकर चांभार समाजातले. पक्ष एक, निशाणी एक, बैलजोडी एक, तरी अकरा हजार हात राखीव उमेदवाराच्या पेटीशी येऊन मागं फिरले. दोन्ही बाजूंना राखीव जागेचा माणूस आपल्या जोडीदाराच्या मागं. पक्ष बदलला तरी हात कुठं अडखळतो ते बदललं नाही.

कुणी म्हणेल, त्या सोळा हजारांनी चुकून दोन्ही चिठ्ठ्या मेहतांच्याच पेटीत टाकल्या असतील. असतील. पण मग अडाणीपणा फक्त आमच्या वस्तीच्या नावावर का लिहिता? तिकडं चूक झाली तर तांत्रिक चूक, इकडं झाली तर जातीचा अडाणीपणा. हा कुठला न्याय?

बाद मतांची गोष्ट लहान नव्हती. अशोक मेहता आणि बाबासाहेब यांनी मिळून निवडणूक अर्ज दाखल केला. ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्या, हे त्यांनी मांडलं. दुसरं मत वाया घालवायचा प्रचार डांग्यांनी केला, असा त्यांचा आरोप होता. अर्ज फेटाळला गेला. मी कामगार आहे, लाल बावट्याशी माझं भांडण नाही. पण कामगारांच्या पक्षानं कामगारांच्या सर्वांत मोठ्या कैवाऱ्याला पाडायला मदत केली, हा आरोप खुद्द बाबासाहेबांनी केला होता. तो पुसायचा नाही.

आपली बाजूही सांगतो. आपल्या माणसांनी दुसरी चिठ्ठी मेहतांच्या पेटीत टाकली नाही, त्याचा फटका मेहतांना बसला असेल. ते ९,३९७ मतांनी हरले. युती आपणही पुरती पाळली नाही, हे कबूल करायला लाज नको. पण त्यानं मेहता पडले असतील. बाबासाहेब त्यानं पडले नाहीत.

दोन वर्षांनी, १९५४ ला, भंडाऱ्याची पोटनिवडणूक. पुन्हा दुहेरी मतदारसंघ, पुन्हा तीच जोडी. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी पडले. जोडीदार वर, बाबासाहेब खाली. यावर आणखी पुरावा काय पाहिजे? जुने कार्यकर्ते सांगतात की त्या वेळी काहींनी सुचवलं, आपण आपल्या लोकांना दुसरं मत कुजवायला सांगू. बाबासाहेबांनी साफ नाही म्हटलं. हरलो तरी चालेल, मत वाया घालवा असं मी सांगणार नाही. ज्यांच्या हातून पडले त्यांनाही मत द्या म्हणणारा माणूस होता तो.

*

"अडाण्यांच्या हातात मत दिलं" हे वाक्य माझ्या सुपरवायझरचं नाही. ते शंभर वर्षं जुनं आहे. १९१९ ला साउथबरो समितीपुढं बाबासाहेब साक्षीला गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, माझ्या तुमच्या वयाचे. मत होतं जमीनवाल्यांना, करवाल्यांना, शिकलेल्यांना. अस्पृश्यांसाठी अट खाली आणा, असं त्यांनी मांडलं. पुढं सायमन कमिशनच्या वेळी, १९२८-२९ ला, ते प्रौढ मतदानावर ठाम उभे राहिले. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: आधी माणसाला शाळेच्या दारातून हाकलायचं आणि मग तू शिकलेला नाहीस म्हणून मत नाकारायचं, ही जखमेवर मिठाची मूठ आहे. वाचता येत नाही म्हणजे आपलं हित कळत नाही, असं नाही. आणि मत देणं हेच एक शिक्षण आहे.

वर्तमानपत्रांची तीच कथा. १९२० ला 'मूकनायक' निघालं तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही. १९४३ च्या रानड्यांवरच्या भाषणात बाबासाहेबांनी पत्रकारितेची तुलना साबणाच्या धंद्याशी केली. आज तो साबण आपल्या खिशातल्या फोनमध्ये आला आहे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या वेळी तोच मजकूर, तीच स्तुती वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या नावांनी छापून आली. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलला उपसमिती नेमावी लागली. तेव्हा ते वाचून मत देणारा पदवीधर अडाणी ठरला का? त्याला कुणी म्हणालं का, तुमच्यामुळं देश बुडाला?

पाचशेच्या नोटेचंही बोलतो, टाळत नाही. आमच्या वस्तीत नोट येते. काही घेतात. मी ते झाकणार नाही. पण नोट घेणारीचा फोटो पेपरात येतो, वाटणारा सभेत हार घालून बसतो. आणि ज्याला मताच्या बदल्यात रस्ता, गाळा, ठेका मिळतो, त्याच्या घेण्याला विकास म्हणतात.

*

मग आपण काय करायचं? चिडून चालणार नाही. १९७४ ला मध्य दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीत पँथरनं बहिष्कार पुकारला. वरळीत दंगल पेटली, आणि परळच्या मोर्चात वरून पडलेल्या पाट्यानं भागवत जाधव गेला. बहिष्कारही करून बघितला आहे आपण, रक्त देऊन. तोही इतिहास पाठ पाहिजे.

माझं म्हणणं साधं आहे. नियम आपल्या वस्तीत आपण पोचवायचा. निवडणुकीच्या आधी महिनाभर, पाळी संपल्यावर, बायाबापड्यांत बसायचं. यंत्र कसं चालतं, नाव यादीत आहे का, गळलं असेल तर कुठला अर्ज, हे सांगायचं. कुणाला मत द्या ते नंतर. बूथवर आपला पोरगा बसवायचा, आणि मतदान संपल्यावर सतरा-सी नमुन्याची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. आकडा आपल्या हातात पाहिजे. १९५२ चा आकडा सत्तर वर्षं उघडा पडला होता, आपण वजाबाकी केली नाही. म्हणून दुसऱ्यानं सांगितलेलं पाप डोक्यावर घेऊन फिरलो.

गोखिवऱ्याहून सोपारा जवळ. तिथं सम्राट अशोकाचे शिलालेख सापडले, लोकांच्या बोलीत कोरलेले. राजाला दगड मिळाला. आपल्याला स्टेन्सिल आणि शाई मिळाली आहे. पुरे आहे.

त्या रविवारी वही घेऊन घरी गेलो. बापाला वजाबाकी करून दाखवली, एक-एक ओळ. म्हटलं, आबा, पणजोबाचं मत मोजलं गेलं होतं. बाबासाहेबांच्या १,२३,५७६ मध्ये एक त्याचं आहे.

बापानं वही हातात घेतली. बराच वेळ आकड्यावर बोट ठेवून बसला. मग उठून भिंतीवरचा फोटो पुसला आणि म्हणाला, "उद्या त्या तुझ्या सुपरवायझरला दाखव ही वही."

दाखवली. तो काही बोलला नाही. पाळी सुरू झाली होती.

जय भीम.