एका लायसीनची कुळकथा

क्षयाच्या जंतूच्या रायबोसोममध्ये, म्हणजे पेशीत प्रथिनं जुळवणाऱ्या यंत्रात, एस-१२ नावाचं एक छोटं प्रथिन असतं. त्याच्या साखळीत ४३व्या जागी लायसीन हे अमिनो आम्ल आहे. त्याच्या जागी आर्जिनीन आलं, की स्ट्रेप्टोमायसिन त्या जंतूचं काहीही बिघडवू शकत नाही. जनुकात बदल होतो तो एका अक्षराचा: एएजीचं एजीजी होतं. एवढीशी गोष्ट उलगडायला अर्धशतक लागलं.

स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये, अमेरिकेतल्या रटगर्स इथे, सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत. मातीतल्या जिवाणूपासून ते वेगळं काढलं त्यांचा तरुण विद्यार्थी आल्बर्ट शॅट्झ याने. १९५२चं नोबेल एकट्या वाक्समन यांना मिळालं, म्हणून शॅट्झचं नाव इथे आवर्जून घेतलं पाहिजे. क्षयावर चालणारं हे पहिलं प्रतिजैविक.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १०७ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. ५५ जणांना इंजेक्शनं आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४ मृत्यू होते, दुसऱ्यात १४. पण या चाचणीच्या १९४८ च्या अहवालात एक काळजीची नोंदही होती. सुरुवातीला झपाट्याने सुधारलेले बरेच रुग्ण काही महिन्यांत पुन्हा ढासळू लागले होते. ज्यांच्या थुंकीतले जंतू तपासले त्या ४१ जणांपैकी ३५ जणांत औषधाला दाद न देणारे जंतू निघाले.

हे जंतू आले कुठून? औषध पाहून ते बदलले, की आधीच तिथे होते? जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने १९५२ मध्ये याचं उत्तर मखमलीच्या तुकड्याने दिलं. बशीत वाढलेल्या ई. कोलाय जिवाणूंवर त्यांनी निर्जंतुक मखमल दाबली आणि तोच ठसा स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या दुसऱ्या बशीवर उमटवला. दुसऱ्या बशीत जिथे जिवाणू तगले, नेमक्या त्याच जागेचे जिवाणू त्यांनी मूळ बशीतून उचलले. मूळ बशीला औषधाचा थेंबही लागला नव्हता, तरी असं उचलत उचलत त्यांनी पूर्ण प्रतिरोधक वाण वेगळं काढलं. म्हणजे औषध प्रतिरोध घडवत नाही, आधीच असलेल्या मूठभरांसाठी मैदान मोकळं करतं. रुग्णाच्या फुप्फुसातल्या पोकळीत कोट्यवधी जंतू असतात, त्यामुळे असे मूठभर तिथे असणारच. क्षयावर एकाच वेळी दोन-तीन औषधं देण्याची पद्धत पडली ती याच कारणाने. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो.

याहून चमत्कारिक गोष्ट १९४७ मध्येच नजरेस आली होती. काही जिवाणू स्ट्रेप्टोमायसिन नसेल तर वाढतच नव्हते! जे इतरांना मारतं ते यांना जगायला का लागावं? याचा धागा १९६४ मध्ये हार्वर्डमध्ये हाती आला. लुइजी गोरिनी, ज्युलियन डेव्हिस आणि वॉल्टर गिल्बर्ट यांनी दाखवलं की हे औषध रायबोसोमला जनुकाचा संदेश चुकीचा वाचायला लावतं. नको ती अमिनो आम्लं प्रथिनात शिरतात. औषधावर विसंबलेल्या जिवाणूंचं उलट झालेलं असतं. त्यांचा रायबोसोम इतका काटेकोर झालेला असतो की योग्य अमिनो आम्लही सहज आत घेत नाही. औषधाने थोडी ढिलाई आणली की त्याचं काम सुरू होतं. मला या साऱ्या इतिहासातली सगळ्यात सुंदर जागा हीच वाटते. रोगाशी लढताना हाती लागलेल्या एका विक्षिप्त जिवाणूने पेशी अचूकपणा कसा सांभाळते हे दाखवून दिलं.

रायबोसोमचा नेमका कोणता भाग बदलतो, हे विस्कॉन्सिनमध्ये मासायासु नोमुरा यांच्या गटाने १९६९ मध्ये शोधलं. त्यांनी रायबोसोमचा लहान भाग सुटा करून पुन्हा जुळवला. त्यात फक्त एक प्रथिन प्रतिरोधक जिवाणूचं घातलं, की जुळवलेला भाग औषधाला जुमानत नसे. त्या प्रथिनाला पुढे एस-१२ हे नाव मिळालं. क्षयाच्या जंतूतही बदल याच प्रथिनात होतो, हे १९९३ मध्ये समोर आलं.

प्रत्यक्ष चित्र मिळालं २००० मध्ये, केंब्रिजमध्ये वेंकी रामकृष्णन यांच्या गटाकडून. स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमच्या आरएनएला चार ठिकाणी धरतं आणि एस-१२ मधल्या त्या लायसीनलाही. त्या पकडीने रायबोसोम ‘स्वीकारा’च्या स्थितीत अडकून बसतो. लायसीन बदललं की ही पकडच ढिली होते.

लायसीनच्या जागी काय येतं, यावर बरंच अवलंबून असतं. थ्रिओनीन किंवा अ‍ॅस्परजीन आलं तर रायबोसोम अतिकाटेकोर आणि संथ होतो, जिवाणूची वाढ मंदावते. आर्जिनीनवर मात्र लायसीनसारखाच धन विद्युतभार असतो, त्यामुळे औषध टळतं आणि वेगही जवळपास शाबूत राहतो. रुग्णांकडून मिळालेल्या प्रतिरोधक क्षयजंतूंत हाच बदल सर्वाधिक आढळतो, तो म्हणूनच. संथ वाणंही सहजी मागे फिरत नाहीत. प्रयोगशाळेत अशा ई. कोलाय जिवाणूंना औषधाविना पिढ्यानपिढ्या वाढू दिलं, तेव्हा एस-१२ मधला बदल तसाच राहिला आणि दुसरीकडे कुठेतरी नवा बदल होऊन वेग भरून निघाला. त्यामुळे औषध काही वर्षं बंद ठेवलं की जंतू आपोआप पूर्वीसारखे होतील, असं धरून चालता येत नाही. इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाचा जंतू तपासावा लागतो, आणि आता त्यासाठी जनुकातली ती तीन अक्षरं थेट वाचता येतात.