गरुडांची हजेरी घेणारा माणूस

आपण शिक्षक रोज वर्गात हजेरी घेतो. एखादा मुलगा एक दिवस आला नाही तर फारसे काही वाटत नाही. पण निम्मा वर्ग आठवडाभर रिकामा राहिला, तर गावात काहीतरी घडले आहे हे आपण ओळखतो. हजेरीपटच नसता तर? अमेरिकेतल्या बाल्ड ईगल या गरुडाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

नावावरून हा पक्षी टकला वाटतो, पण तसे नाही. त्याच्या डोक्यावर शुभ्र पिसे असतात आणि तीही साधारण पाचव्या वर्षी येतात. १७८२ साली त्याला अमेरिकेच्या राजमुद्रेवर मानाचे स्थान मिळाले. प्रत्यक्षात मात्र शेतकरी आणि मच्छीमार त्याला शत्रू समजून गोळ्या घालत. अलास्कात तर १९१७ पासून त्याला मारण्याबद्दल बक्षीस मिळे.

हा पक्षी खरोखर कसा जगतो, हे पाहण्यासाठी फ्रान्सिस हेरिक हे प्राध्यापक दूरच्या अरण्यात गेले नाहीत. ते क्लीव्हलंडचे. तिथून फार लांब नसलेल्या व्हर्मिलियन गावाजवळ, ईरी सरोवराच्या काठी, गरुडांची घरटी होती. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी घरट्याच्या उंचीचे मनोरे उभारले, वर तंबू लावला आणि आत लपून तासन् तास नोंदी केल्या, छायाचित्रे घेतली. तिथले एक घरटे सुमारे ३६ वर्षे वापरात होते. १९२५ च्या वादळात ते झाडासकट कोसळले, तेव्हा त्याचे वजन दोन टनांच्या घरात असावे असा अंदाज निघाला!

यानंतर आले चार्ल्स ब्रोली. हे शास्त्रज्ञ नव्हते. कॅनडातल्या विनिपेगमधून बँक मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ हिवाळ्यात फ्लॉरिडाला जात. १९३९ मध्ये, वयाच्या साठीच्या सुमारास, ते दोरीच्या शिडीने उंच पाइन वृक्षांवर चढू लागले आणि गरुडांच्या पिल्लांच्या पायात क्रमांकाची कडी अडकवू लागले. पहिल्या दहा वर्षांत त्यांनी हजाराहून अधिक पिल्लांना कडी घातली. त्यातून कळले, की फ्लॉरिडात जन्मलेले गरुड उन्हाळ्यात थेट कॅनडापर्यंत जातात.

पण १९४७ पासून घरट्यांतली पिल्ले कमी होऊ लागली. काही घरट्यांत अंडी होती, पण ती उबतच नव्हती. १९५८ मध्ये शंभराहून अधिक मैल हिंडल्यावर ब्रोलींना कडी घालायला एकच पिल्लू मिळाले. डीडीटी या कीटकनाशकावर त्यांनी संशय घेतला. त्यांच्या नोंदी रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात वापरल्या.

नेमके काय घडत होते? डीडीटी पाण्यात, तिथून माशांत आणि माशांतून गरुडाच्या शरीरात साठत होते. त्यापासून बनणाऱ्या डीडीई या पदार्थामुळे अंड्याच्या कवचात पुरेसे कॅल्शियम जमत नाही. कवच पातळ होते आणि अंडे उबवतानाच फुटते. हे सिद्ध कसे झाले? संग्रहालयांत जपलेली जुनी कवचे नव्या कवचांशी ताडून! म्हणजे इथेही जुनी नोंदच उपयोगी पडली.

१९६३ मध्ये अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर या गरुडांच्या केवळ ४१७ जोड्या ठाऊक होत्या. १९७२ मध्ये तिथे डीडीटीच्या वापरावर बंदी आली. २००७ मध्ये हा पक्षी संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला आणि २०१८-१९ च्या अंदाजानुसार जोड्या ७१,४०० झाल्या. आता शहराजवळच्या नदीकाठीही लोक त्याची छायाचित्रे घेतात. मात्र घरट्यापासून सुमारे १०० मीटर दूर राहावे, असे तिथली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

आपल्या कोकण किनाऱ्यावर याचा नातेवाईक, पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, उंच झाडांवर घरटी करतो. जिथे तो नाही, तिथे शाळेजवळचे घारीचे घरटे चालेल. झाड कोणते, जोडी कधी आली, पिल्ले किती उडाली, एवढेच मुलांनी दुरून पाहून तारखेसह वहीत लिहावे. पण दरवर्षी, न चुकता. ब्रोलींनी एवढेच केले होते.