पोटातल्या मुक्या गाठी

कुत्र्याच्या आतड्यात राहणारा एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा फीतकृमी जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर लांब असतो, आणि कुत्र्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. विष्ठेवाटे पडलेली त्याची अंडी चरताना मेंढीच्या पोटात जातात. तिच्या यकृतात आणि फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या गाठी धरतात. कापलेल्या मेंढीचे हे अवयव कुत्र्यापुढे टाकले की चक्र पुरे होते. माणूस त्यात विनाकारण सापडतो. हाताला लागलेले अंडे तोंडात गेले की त्याच्याही शरीरात, बहुधा यकृतात, तशीच गाठ सावकाश वाढू लागते आणि कित्येक वर्षे काही जाणवू देत नाही. त्यामुळे हायडॅटिड नावाच्या या रोगात दवाखान्यात येणाऱ्यांच्या मोजणीवर कधीच विसंबता आले नाही.

या रोगावर पहिला मोठा विजय आइसलंडने मिळवला, तोही जिवंत माणसाच्या पोटात डोकावण्याचे कोणतेही साधन हाताशी नसताना. तिथे मेंढ्या घरोघरी कापल्या जात आणि कुत्री घरातच वावरत. डेन्मार्कचे पशुवैद्य हाराल्ड क्राब्बे १८६३ मध्ये तिथे गेले. त्यांनी शंभर कुत्री फाडून पाहिली, तर अठ्ठावीस कुत्र्यांत हा कृमी निघाला. रोगाची साखळी समजावणारी त्यांची पुस्तिका देशभर घरोघरी वाटण्यात आली. १८६९ मध्ये कुत्री पाळण्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. वाचता येणाऱ्या समाजाने ती पुस्तिका मनावर घेतली, हे क्राब्बे यांचे भाग्यच म्हणायचे. यश किती आले, ते मात्र विसाव्या शतकात शवविच्छेदनांतून कळले. शवविच्छेदने करणाऱ्या नील्स डुंगाल यांना जुन्या काळी जन्मलेल्यांच्या शरीरात गाठी वारंवार आढळत आणि पुढच्या पिढ्यांत त्या जवळजवळ नाहीशा झालेल्या दिसत.

जिवंत माणसांच्या तपासणीसाठी इटालियन डॉक्टर कासोनी यांची त्वचाचाचणी १९१० नंतरच्या काळात प्रचारात आली. गाठीतले पाणी कातडीत टोचायचे आणि फुगवटा येतो का ते पाहायचे. स्वस्त आणि सोपी म्हणून ती अनेक दशके टिकली, पण निरोगी माणसालाही रोगी ठरवण्याची तिची खोड गेली नाही. क्ष-किरणांत फुप्फुसातली गाठ उठून दिसते, यकृतातली सहसा दिसत नाही. रक्तचाचण्या पुढे सुधारल्या, तरी कित्येक रुग्णांच्या रक्तात गाठ असूनही प्रतिपिंडे सापडत नसत.

हे कोडे सुटले ते वायव्य केनियातील तुर्काना प्रदेशात. शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून तिथले रोगाचे प्रमाण जगात सर्वाधिकांपैकी एक आहे हे आधीच माहीत होते. उंट, शेळ्यामेंढ्या आणि गुरे घेऊन फिरणाऱ्या या लोकांत कुत्री माणसांच्या अगदी निकट राहत. तान्ह्या मुलांची घाण चाटून साफ करण्याचे कामही त्यांच्याकडे असे. पाणी दुर्मीळ असलेल्या मुलखात या प्रथेला गलिच्छपणा म्हणणे सोपे आहे, पण धुण्यापुरते पाणी आणणार कुठून, हा तिथला खरा प्रश्न होता. ‘फ्लाइंग डॉक्टर्स’मुळे ओळखल्या जाणाऱ्या आम्रेफ या संस्थेने १९८०च्या दशकात इथे नियंत्रणाचे काम हाती घेतले. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहण्याऐवजी सोनोग्राफीचे सुटसुटीत यंत्र आणि वीज देणारे जनित्र घेऊन पथके वस्त्यांवर जाऊ लागली. पाण्याने भरलेली गाठ सोनोग्राफीत काळीभोर दिसते, त्यामुळे या रोगाला हे तंत्र चपखल बसले. कॅलम मॅकफर्सन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सोनोग्राफी आणि रक्तचाचणीची तुलना मांडली. भटक्या समाजाच्या तपासणीत सोनोग्राफी सरस ठरली.

गाठ सापडली, पण दुखत नसलेल्या गाठीचे करायचे काय? ट्युनिशियाचे हसन घरबी यांनी १९८१ मध्ये सोनोग्राफीतल्या रूपावरून गाठींचे पाच प्रकार पाडले होते. जिवंत गाठ कोणती आणि मरू घातलेली कोणती, याचा अंदाज त्यावरून बांधता येऊ लागला. अल्बेंडाझोल हे औषध आल्यावर लहान गाठींना शस्त्रक्रियेवाचून आवर घालण्याची सोय झाली, आणि चुना धरलेल्या निष्क्रिय गाठीवर नुसती नजर ठेवली तरी पुरते हेही उमगले. याआधी गावोगाव रोगी शोधणे म्हणजे बऱ्याच अंशी लोकांना नुसती धास्ती देणे होते.

अर्जेंटिनातील रिओ नेग्रो प्रांताने तपासणीला आणखी एक काम लावले. कुत्र्यांना ठरावीक काळाने प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक औषध देण्याची मोहीम तिथे १९८०च्या सुमारास सुरू झाली. तिचा परिणाम जोखण्यासाठी शाळकरी मुलांची सोनोग्राफी होऊ लागली. मुलाच्या पोटातली गाठ अलीकडच्या काळातलीच असणार, असा त्यामागचा साधा हिशेब होता. १९८४ मध्ये सुमारे साडेपाच टक्के मुलांत गाठी आढळत होत्या. १९९८ पर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले.

युरोपच्या कडेच्या देशांत सरसकट सोनोग्राफीचा प्रयोग २०१४-१५ मध्ये ‘हेराक्लीस’ प्रकल्पाने केला. बल्गेरिया, रुमानिया आणि तुर्कस्तानच्या ग्रामीण भागांत चोवीस हजारांहून अधिक लोकांच्या पोटाची सोनोग्राफी झाली. पहिल्या दोन देशांत ०.४१ टक्के, तर तुर्कस्तानात ०.५९ टक्के लोकांत रोग आढळला. फुप्फुसातल्या गाठी पोटाच्या सोनोग्राफीला दिसत नाहीत, त्यामुळे हे आकडेही खऱ्या प्रमाणाहून कमीच धरावे लागतात.