पोस्टाचा हिशोब
आई-बाबांनो, सीए आहे म्हणून असेल, पण ही केस डोक्यातून जात नाही. 1999 ते 2015 मध्ये ब्रिटिश पोस्ट ऑफिसने होरायझन संगणकातल्या तुटीवरून सुमारे 700 सबपोस्टमास्तरांवर खटले भरले. तक्रारदार पोस्ट, तपास पोस्टाचा, वकीलही पोस्टाचेच! त्याच सुमारास कायदा बदलला: संगणक बरोबरच धरायचा, शंका आरोपीने दाखवायची. सिस्टिम आतून बघायला मिळत नसेल तर दाखवणार कशी? मग सौदा. चोरीचा आरोप सोडतो, खोटा हिशोब कबूल करा. तुरुंगाच्या भीतीने अनेकांनी केला, त्यात भारतीय वंशाचे दुकानदारही होते. 2021 मध्ये अपील कोर्टाने एकाच दिवशी 39 जणांना निर्दोष ठरवलं, 2024 मध्ये संसदेने इतरांसाठी कायदाच केला. संगणकाबद्दलचं ते गृहीतक त्या कायद्यानेही काढलं नाही.